मेलाटोनिनवर संशोधन करायचंय, पण करिअरचं काय?

प्रश्न : मी सांगलीत बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झोपेचं चक्र सांभाळणारं मेलाटोनिन हे हार्मोन पेशींना ऑक्सिडेटिव्ह ताणापासून, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंमुळे होणाऱ्या इजेपासून वाचवतं, असं वाचलं. मला त्यावरच संशोधन करायचंय. घरचे विचारतात, एका हार्मोनवर पोट कसं भरणार?

उत्तर : तुझं कुतूहल आणि घरच्यांची काळजी, दोन्ही रास्त आहेत.

मेलाटोनिन १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या आरोन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथींतून वेगळं केलं. ते हायड्रॉक्सिल मुक्तकणांना (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना) थेट निष्प्रभ करतं, हे १९९३ मध्ये पुढे आलं. पण त्याहून रंजक आहे ते पेशीच्या आतलं संदेशवहन. अनेक प्रयोगांत मेलाटोनिनमुळे एनआरएफ-२ हे प्रथिन केंद्रकात जाऊन अँटिऑक्सिडंट एन्झाइमांची जनुकं चालू करतं, पीआय-३-के/एकेटी हा पेशीला तगून राहायला मदत करणारा संदेशमार्ग सक्रिय होतो, पेशीमृत्यू रोखणारं बीसीएल-२ हे प्रथिन वाढतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी हे पेशीमृत्यूला चालना देणारं प्रथिन सुटणं कमी होतं. गंमत म्हणजे कित्येक कर्कपेशींत हेच मेलाटोनिन उलट पेशीमृत्यूला हातभार लावतं. असं का, हा प्रश्न मला रेणूपेक्षाही मोलाचा वाटतो. तो धरून ठेव.

शोधनिबंध वाचताना मात्रा आधी बघ. रात्री रक्तात मेलाटोनिन पिकोमोलर पातळीवर असतं. प्रयोगशाळेतल्या पेशींना बऱ्याचदा मायक्रोमोलर, कधी मिलिमोलर, म्हणजे हजारो ते लाखो पट जास्त दिलं जातं. त्यामुळे तिथला निष्कर्ष सरळ माणसाला लावता येत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. नोकरी देणारे तुझा रेणू विचारणार नाहीत. सेल कल्चर (पेशी वाढवणं), वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखणं), फ्लो सायटोमेट्री (पेशी मोजणं-तपासणं) येतं का, हे विचारतील. ही तंत्रं औषध कंपन्यांत, कर्करोग संशोधनात, निदान प्रयोगशाळांत चालतात. एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी (जैवतंत्रज्ञानासाठी) या प्रवेशपरीक्षांची तयारी आत्ताच सुरू कर. पुढे पीएचडीसाठी पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञान संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) ही जवळची ठिकाणं आहेत. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वाट लांबची आहे, पीएचडीलाच पाचेक वर्षं लागतात, हेही घरी स्पष्ट सांग.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांशी किंवा मॅडमशी बोल. यीस्टला हायड्रोजन पेरॉक्साइडचा ताण देऊन, मेलाटोनिनसह आणि त्याच्याशिवाय, किती वसाहती उगवतात ते मोजता येईल. मेलाटोनिन ज्या द्रावकात विरघळवशील, तो एकटा घातलेला गटही ठेव, नाहीतर परिणाम नेमका कशाचा हे कळणार नाही.