वीस दिवसांत सहा नाच? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

(सुट्टीतल्या नृत्यवर्गांबद्दल आलेल्या पत्रांना या महिन्यात गोव्याच्या फोंड्यातल्या एक कथक-शिक्षिका उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात आमच्याकडे एक शिबिर आहे. वीस दिवस, रोज दीड तास. कथक, भरतनाट्यम, हिपहॉप, कंटेम्पररी, बॉलिवूड आणि लोकनृत्य असं सगळं शिकवणार. शेवटी रंगमंचावर कार्यक्रम. तिला सगळंच हवंय. घालू का? — एक आई, डिचोली

ताई, घाला, पण शिक्षक पारखायला. फक्त पत्रकात छापलंय ते सगळं पदरात पडेल असं धरून चालू नका. वीसातले शेवटचे सहा-सात दिवस कार्यक्रमाच्या तालमी खातात, एखादा पोशाखाच्या मापात जातो. उरलेल्यांना सहाने भागा. एकेका शैलीच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस येतात. दोन दिवसांत मी मुलीला सरळ उभं राहायला शिकवते, आणि तेही तिसऱ्या दिवशी परत सांगावं लागतं.

अडचण नुसती वेळेची नाही. कथकला गुडघे मोकळे, पाठ ताठ, आणि अख्खं पाऊल सपाट पडायला हवं. भरतनाट्यमला पहिल्या दिवसापासून अरमंडी : गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं आणि तसंच राहायचं. हिपहॉपमध्ये गुडघे पुढे वाकतात, छाती सैल सुटते, वजन जमिनीकडे जातं. तिन्ही बरोबर, पण तिन्ही एकाच आठवड्यात केली की नऊ वर्षांच्या शरीराला काहीच कळत नाही. माझ्याकडे अशी मुलं येतात. तत्कार, म्हणजे कथकचा पायांचा ठेका, करता करता हळूच गुडघे बाहेर काढून बसतात. त्यांची चूक नसते.

नवख्या मुलीला कथक आणि भरतनाट्यम एकाच सुट्टीत देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. कथक आणि हिपहॉप मात्र चालतात. दोन्ही इतके वेगळे की मूल गोंधळत नाही. काही शिक्षक माझ्याशी भांडतील, भांडू देत.

मग सुट्टीतला वर्ग कशासाठी? शिक्षक पारखायला. शैली शिकायला वर्षं जातात. पण या बाईंच्या किंवा या सरांच्या हाताखाली आपली मुलगी दोन-तीन वर्षं टिकेल का, हे वीस दिवसांत पक्कं कळतं. पहिल्या आठवड्यात एकदा दाराशी उभ्या राहा. पालकांना बघू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. अंग गरम करून घेतात की थेट गाणं लावतात? ताल स्वतः तोंडाने म्हणतात की स्पीकरवर सोडून देतात? मागच्या रांगेतली मुलं दुसऱ्या दिवशी पुढे येतात का, की शेवटपर्यंत मागेच? मी सगळ्यात जास्त हेच बघते. कार्यक्रमावर डोळा असलेला शिक्षक चुणचुणीत चार मुलं पुढे ठेवतो आणि बाकीच्यांना हात हलवायला लावतो. मुलीचा हात किंवा कंबर सरळ करताना शिक्षक आधी सांगतात का, तेही बघा. आणि पोशाख भाड्याचा की विकतचा, हे पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

गोव्यात सहावी ते दहावीचं शैक्षणिक वर्ष 2025पासून एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यामुळे मोठ्या मुलांच्या हातात मेच उरतो, आणि सगळी शिबिरं त्याच महिन्यात कोंबली जातात. तुमची चौथी-पाचवीतली असेल तर तिला एवढी घाई नाही. वर्षभराचं हवं असेल तर पणजीच्या कला अकादमीत कथक आणि भरतनाट्यमचं रीतसर शिक्षण मिळतं. डिचोलीहून रोजचं जाणं-येणं जमणार नाही म्हणालात तर समजू शकते. मग जवळच्या एकाच शिक्षकाकडे, एकाच शैलीला, आठवड्यातून दोनदा.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. मला ब्रेकिंग शिकायचंय. मडगावला सुट्टीत वर्ग आहे. आजोबा म्हणतात, मुलगे नाचत नाहीत, आणि नाचायचंच तर हे अमेरिकन कशाला. काय सांगू त्यांना? — काणकोण

अरे, तू काणकोणचा आणि तुझे आजोबा असं म्हणतात? शिगम्यात गोफ कोण विणतं त्यांच्या गावात? मधोमध टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात घेऊन, एकमेकांच्या आतून-बाहेरून जात वेणी घालायची आणि मग उलट्या पावलांनी तीच सोडवायची. एकाचं पाऊल चुकलं की सगळ्यांची गाठ. तालगडी, तोणयामेळ, रोमटामेळ, साखळी गावचा वीरभद्र, सगळे पुरुषांचे नाच. पेडण्याच्या बाजूला दशावतारात राण्यासुद्धा पुरुषच होतात आणि पदर असा सावरतात की आम्ही बायकांनी शिकावं. आजोबांना विचार, ते स्वतः कुठल्या मेळात होते. माझी खात्री आहे, होते.

तुझं ब्रेकिंग 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीतल्या तुझ्यासारख्या पोरांनी उभं केलं. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते खेळ म्हणून होतं. आजोबांना ऑलिंपिकचं नाव ऐकव, उपयोग होईल. पुढच्या, 2028च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ते नाही, हे त्यांना सांगायची गरज नाही.

आता तुला सांगते. सुट्टीत टॉपरॉक म्हणजे उभ्याने करायची पावलं, आणि हात टेकून जमिनीवरचं साधं फुटवर्क, एवढं शीक. एखादा फ्रीझ, म्हणजे हातावर तोल धरून स्थिर थांबणं, जमला तर उत्तम. डोक्यावर गिरक्या घ्यायच्या नाहीत. व्हिडिओत बघून तर मुळीच नाही. मान आणि मनगटं तयार व्हायला महिने लागतात. वर्गात खाली मॅट नसेल आणि सर पहिल्याच आठवड्यात डोक्यावर उभं करत असतील, तर बसचे पैसे वाचव आणि घरी ये. आणि येत्या शिगम्यात गोफाला उभा राहा. पावलं मोजत दुसऱ्यांच्या मधून वाट काढायची ही सवय तुझ्या ब्रेकिंगलाही कामाला येईल.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. कथकच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात दोन्ही पायांना शंभर-शंभर घुंगरं आणायला सांगितली. पुढच्या वर्षी परीक्षेलाही बसवणार म्हणतात. — मडगाव

नको. सात वर्षांच्या पायाला शंभर पितळी घुंगरं म्हणजे ओझं. शिवाय घुंगरांच्या आवाजात पाऊल चुकीचं पडलं तरी झाकून जातं. आधी अनवाणी पावलाचा आवाज स्वच्छ यायला हवा. त्यानंतर पंचवीस-पन्नास पुरेत. परीक्षेचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी लांबलचक आहे. ती कुठे पळून जात नाही. मुलगी हाताने टाळी-खाली दाखवत तीनतालाच्या सोळा मात्रा न अडखळता म्हणू लागली की मग अर्ज भरा.

प्रश्न : आमच्या वेळी फुगडी कुणी शिकवली नाही, बघून बघून आली. आता नातीला सुट्टीत "लोकनृत्य वर्गात" फुगडी आणि धालो शिकवतात, स्पर्धेसाठी. मला हे पटत नाही. — एक आजी, माशेल

आजी, फुगडीच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. बघून यायला बघायला मिळायला हवं. एकत्र घरं सुटली, चतुर्थीला चार दिवस गावी जाऊन मुली फोन घेऊन बसतात. वर्गात का होईना, कंबरेतून वाकणं, तळव्याचा ठेका, गाण्याच्या शेवटी वेग वाढताना श्वास कसा धरायचा हे येत असेल तर येऊ दे. महालक्ष्मीच्या व्रताला घागर फुंकतात तेव्हा श्वासाचं जे काम होतं, ते माझ्या कथकच्या मुलींना मी मुद्दाम दाखवते.

धालोचं मात्र तुमचं बरोबर. धालो पौषातल्या रात्रींचे आणि मांडावरचे, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणातले. मांड सारवून, देवाला गाऱ्हाणं घालून बायका समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहतात, आणि तिथे शेवटी बायकांच्या अंगात येतं ते सहा मिनिटांच्या स्पर्धेत बसवायचं नसतं. शिक्षकांना सांगा, ओळींची चाल आणि एखादं गाणं शिकवा, बाकीचं मांडावर राहू दे. शिबिरात कुणी अंगात आल्याचा अभिनय करताना मी बघितलाय. मला तिथे बसवेना.

आणि वर्गावर रागावण्यापेक्षा एक दिवस तिथे जाऊन बसा. शिक्षिकेला चार गाणी कमीच येत असतील. तुम्हाला येतात.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली दुखतं. वर्ग देवळाच्या अग्रशाळेत, लादीवर असतो. — कवळे

काँक्रीटवर घातलेली लादी पायाचा सगळा मार परत पायालाच देते. माझाही वर्ग अशाच जागेत चालतो, म्हणून उड्या मी जाड सतरंजी दुमडून त्यावरच घेते आणि तत्कार सलग दहा मिनिटांवर नेत नाही. वाढीच्या वयात वाटीच्या खाली दुखणं, तिथे उंचवटा दिसणं, हे उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये होतं. डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगतील तितके दिवस उड्या बंद. नाच बंद करायची गरज नसते. बसून पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत, आणि हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, करावेत. "थोडं दुखतंच, सहन कर" असं सांगणाऱ्या शिक्षकाचं ऐकू नका.

प्रश्न : सुट्टीतला वर्ग आवडला. पण जूनपासून शाळा, ट्यूशन, पाऊस, कदंब बसची गर्दी. पुढे चालू ठेवावं की पुढच्या मेची वाट बघावी? — सावईवेरे

पुढच्या मेपर्यंत सगळं विसरलं जाईल आणि परत पहिल्या पावलापासून सुरुवात. जून ते चतुर्थी हा माझा आवडता काळ. कुठे कार्यक्रम नसतात, गर्दी ओसरलेली असते, शिक्षकाला एकेका मुलाकडे बघायला वेळ असतो. आठवड्यातून एकदा जमत असेल तर एकदा, आणि घरी रोज पंधरा मिनिटं. जेवून उठल्या उठल्या नको. पेज पिऊन तासाभराने ठीक.

पावसात लादीला ओल सुटते, म्हणून वर्गात जाताना एक सुका पंचा बरोबर द्या. घुंगरं असतील तर आल्यावर दोरी पंख्याखाली पसरून ठेवा, नाहीतर कुजते. चतुर्थीला दोन आठवडे वर्ग मोडणार, ते गृहीत धरा. त्या दोन आठवड्यांची फी घेतात का, हे जूनमध्येच विचारून ठेवा.