शेवटच्या बाकावरची जागा

प्रश्न : माझ्या आईला देवाघरी जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. नाशिकला आमच्या चर्चमध्ये स्मरणोपासना ठेवली आहे. पत्रिकेवर मी ‘आदर्श पत्नी, प्रेमळ माता, निष्ठावान ख्रिस्ती’ असे लिहिले आणि खाली बायबलातल्या नीतिसूत्रे ३१ मधले ‘तिची मुले उठून तिला धन्य म्हणतात’ हे वचन घातले. पुण्याची ताई म्हणते, ‘आदर्श पत्नी’ काढ. त्यावरून पंधरा दिवस आमचे बोलणे बंद आहे. बाबा ७६ वर्षांचे आहेत. त्यांना हे कळले तर फार लागेल. आई खरोखरच साधी होती. ४१ वर्षांच्या संसारात तिने कधी तक्रार केली नाही. बाबा कमिटीवर असूनही ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दाराशी बसे आणि बाबांना गरम भाकरी लागते म्हणून उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाआधीच घरी येई. उपासनेनंतरच्या जेवणाचे महिला मंडळ पाहणार आहे. ताईची समजूत कशी घालावी?

उत्तर : ताईंची समजूत मी घालणार नाही, कारण त्यांचे म्हणणे मला पटले आहे.

तुमच्या पत्रातले शेवटच्या बाकाचे आणि गरम भाकरीचे वाक्य मी चार वेळा वाचले. आईच्या साधेपणाचा दाखला म्हणून तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि लगेच जेवणाच्या व्यवस्थेकडे वळलात. आजारपणे, बाळंतपणे आणि गावाला गेलेले दिवस वगळले, तरी ४१ वर्षांत दीड हजारांवर रविवार होतात. त्या प्रत्येक रविवारी पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर करून ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो’ म्हटले असेल, तेव्हा तुमची निष्ठावान ख्रिस्ती आई शरणपूर रोडवरून झपाझप घराकडे चालत होती, किंवा तोवर घरी पोहोचून परातीत पीठ घेऊन बसली होती. तिने दाराजवळची जागा नम्रपणामुळे निवडली असे तुम्हाला वाटते. मला वाटते, कोणाला न अडखळता लवकर बाहेर पडता यावे, म्हणून निवडली. आता उठून प्रत्यक्ष विचारता येत नाही, हे तुमचेही दुर्दैव आणि माझेही.

आणखी एक. भाकरी गरम हवी असेल तर ती तव्यावरून थेट ताटात यावी लागते, आणि ती करणारी बाई मग सगळ्यांच्या शेवटी जेवते. पत्रात गरम भाकरी फक्त बाबांना लागते. त्या रविवारी शेजारच्या ताटावर कोण बसलेले असे, ते तुम्ही लिहिलेले नाही.

तिने कधी तक्रार केली नाही, हे खरे असेल. तिला कधी कोणी विचारले होते का, तेवढे पत्रात सापडत नाही. (पाहुणचाराच्या कामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया, यांचा दाखला मी मुद्दाम देत नाही. तो ऐकून मान डोलावणारी मंडळी उपासना सुटल्यावर ‘जेवायला किती वेळ?’ असे विचारताना मी पाहिली आहेत.)

नीतिसूत्रांचा तो अध्याय आपल्याकडे प्रत्येक बाईच्या स्मरणोपासनेत वाचला जातो, पण तो पुरा वाचावा. त्यातली स्त्री शेत पाहून ते विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते (त्यात काय कष्ट असतात, हे नाशिककरांना सांगायला नको), तागाची वस्त्रे करून विकते, आणि तिचा नवरा तेवढ्या वेळात वेशीपाशी वडीलधाऱ्यांत मानाने बसलेला असतो. तुमचे बाबा पुढच्या बाकावर बसत, तसाच. तुम्ही निवडलेल्या वचनात मुले तिला धन्य म्हणतात ती बसल्या जागेवरून नव्हे. आधी ‘उठून’ आहे, तेवढे लक्षात घ्या.

बाबांना लागेल, ही तुमची भीती मला समजते, पण ती फार मोठी करू नका. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक याच शहरात १९३६ मध्ये वारल्या. नवरा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, तरी त्यांनी स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा राग, लहरीपणा आणि हातातले पैसे उधळून घरी येण्याची सवय त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हसत हसत लिहून ठेवली. त्यामुळे रेव्हरंड टिळकांची उंची तसूभरही कमी झाली नाही. उलट तो माणूस आपल्याला जिवंत भेटतो. ‘आदर्श पत्नी’ या दोन शब्दांतून तुमची आई मात्र कोणालाच भेटणार नाही. ते शब्द काढा आणि पत्रिकेचा मजकूर ताईंवर सोपवा.

आता तुमचे काम. महिला मंडळाच्या अध्यक्षांना आजच फोन करा आणि सांगा, की त्या दिवशी मंडळातल्या एकाही बाईने स्वयंपाकाकडे फिरकायचे नाही. नाही तर तुमच्या आईच्याच स्मरणोपासनेत शेवटचे गीत सुरू होताच आठ-दहा बाया पदर खोचून दाराबाहेर पडतील, आणि ते तुमच्या ध्यानातही येणार नाही. मटण, भात, कांदा चिरणे, पत्रावळी मांडणे, सगळे तुम्ही, तुमचे मेहुणे आणि गायनमंडळातली तरुण मुले पाहा. येत नसेल तर पहाटे आचारी बोलवा आणि त्याच्या हाताखाली उभे राहा. बाबांनाही कामाला घ्या. ७६ व्या वर्षी पंगतीत मीठ वाढता येते. त्यांनी महिला मंडळाच्या पंगतीला वाढावे आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसावे.

रस्सा पुन्हा तापवायला आशीर्वादाआधी कोणाला तरी उठावे लागेलच. ते तुम्ही उठा. त्यासाठी दाराजवळचा शेवटचा बाक सकाळीच धरून ठेवा, आणि गॅस पेटवून झाल्यावर मंडपात उभे राहून पाळकसाहेबांचे किती शब्द बाहेर पोहोचतात, ते ऐका.