वसतिगृहातील पहिला दिवस

प्रश्न : पुढील आठवड्यात मी नव्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायला जाणार आहे. खोलीतील सोबतीही अनोळखी आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : सामान उघडण्यापूर्वी रिकामी खोली नीट पाहून घ्या. गादीच्या शिवणींवर बॅटरीचा प्रकाश टाकून बारीक काळे डाग दिसतात का, ते तपासा. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम ५ मिलिमीटरचा असतो आणि दिवसा तो अशाच फटींत दडून बसतो. कपाटाचे मोडके दार, भिंतीवरची ओल, सैल झालेला प्लग यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि खोलीचा ताबा घेताना ज्या कागदावर सही करायची असते, त्यावर या गोष्टींची नोंद करून घ्या, म्हणजे जुन्या मोडतोडीची भरपाई पुढे तुमच्याकडे मागितली जाणार नाही.

सोबत्याशी झोपेची वेळ, रात्रीचा दिवा आणि पाहुणे यांविषयी पहिल्या दोन-तीन दिवसांतच बोला, असे मी आग्रहाने सांगेन. तेव्हा संकोच वाटतो खरा, परंतु महिनाभर मनात साठलेली कुरबुर बोलून दाखवणे याहून कितीतरी अवघड जाते.

घरच्या आठवणीने रडू आले, तर त्यात कमीपणा मानू नका. मात्र झोप आणि भूकच उडाली, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांना किंवा समुपदेशकांना विनासंकोच भेटा.