नाव झाकून लिही, कानाने तपास

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली तिन्ही प्रहसनं वाचली. प्रत्येकाच्या माथ्यावर ‘लेखक व मुख्य भूमिका’ असं लिहून पुढे तुझंच नाव आहे. लिहायचंही आणि करायचंही, ही तुझी इच्छा मनापासून आवडली. पण ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच अंगात यायची तर आधी वेगवेगळी शिकावी लागतात. हे ज्यानं सगळ्यात नीट करून दाखवलं, त्या इंग्लंडच्या विनोदी नट आणि लेखक रॉनी बार्करबद्दल आज लिहितो. त्याच्याकडून घेण्यासारखं जे आहे, ते उद्या सकाळपासून वापरता येईल असं आहे.

बार्कर १९२९ साली बेडफर्डला जन्मला, ऑक्सफर्डला वाढला. वास्तुरचनेचं शिक्षण अर्धवट सोडलं, बँकेत कारकुनी केली, आणि १९४८च्या नोव्हेंबरात एल्सबरीच्या रेपर्टरी कंपनीत शिरला. साप्ताहिक रेपर्टरी म्हणजे दर आठवड्याला नवं नाटक: रात्री चालू नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाच्या तालमी. वर्षभर कंपनी चालली तर एकेका नटाच्या वाट्याला चाळीस-पन्नास भूमिका येतात. आज नोकर, पुढच्या सोमवारी पाद्री, त्याच्या पुढच्या सोमवारी ऐंशी वर्षांचा म्हातारा. या रगाड्यात भूमिका शिकता येतात हे उघडच आहे, पण लेखकालाही त्यातून फार मोठी गोष्ट मिळते. आठवड्याला एक नाटक पाठ करणाऱ्याला वाक्याची रचना जिभेनं कळायला लागते. जे वाक्य तिसऱ्या दिवशीही पाठ होत नाही, ते बहुतेक वेळा वाईट रचलेलं असतं: क्रियापद लांब पडलेलं, हशाचा शब्द मधेच अडकलेला, किंवा दोन विचार एकात कोंबलेले. तुझ्या दुसऱ्या प्रहसनात अशी निदान सहा वाक्यं आहेत. पाठ करायला घे, कुठली ती तुझी तुलाच सापडतील.

पुढे ऑक्सफर्ड प्लेहाऊस, १९५५ला पीटर हॉल या दिग्दर्शकाच्या नाटकातून वेस्ट एंड, म्हणजे लंडनचा नाट्यगृहांचा भाग, आणि १९५९पासून बीबीसी रेडिओवरची नौदलावरची लांबलचक विनोदी मालिका. रेडिओवर चेहरा नाही, कपडे नाहीत, माणूस उभा करायचा तो फक्त आवाजातून. त्याचा कान इथे तयार झाला. एक तपशील लक्षात ठेव. ग्लेन मेल्विन नावाच्या नटाकडून त्यानं तोतरं बोलण्याची ढब शिकून घेतली होती. ‘ओपन ऑल अवर्स’ या टीव्ही मालिकेत त्यानं आर्कराइट हा चिकट किराणा दुकानदार रंगवला, तेव्हा वीसेक वर्षं जपून ठेवलेली ती ढब बाहेर काढली. रॉय क्लार्कच्या संहितेत तोतरेपणा नव्हता, तो नटानं आणला. दुसऱ्याकडून शिकलेली लकब लगेच वापरून टाकायची नसते. योग्य माणूस भेटेपर्यंत ती जपून ठेवायची.

१९६६ला डेव्हिड फ्रॉस्टच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्याला जॉन क्लीज आणि रॉनी कॉर्बेट हे नट भेटले. उच्च, मध्यम आणि कनिष्ठ वर्गाचे तिघे उंचीप्रमाणे ओळीत उभे असलेलं प्रहसन आजही दाखवलं जातं, त्यात मधला बार्कर. ते लिहिलं होतं मार्टी फेल्डमन आणि जॉन लॉ यांनी. म्हणजे चाळिशीकडे झुकेपर्यंत हा माणूस मुख्यतः दुसऱ्यांचे शब्द बोलत होता, आणि त्यात त्याला काही कमी वाटत नव्हतं. पुढे ‘पॉरिज’ या तुरुंगावरच्या टीव्ही मालिकेतला कैदी फ्लेचर ही त्याची सगळ्यात गाजलेली भूमिका, तीही डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने यांच्या लेखणीतली. स्वतः उत्तम लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या संहितेत इतका मिसळून जातो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. १९६८च्या सुमारास फ्रॉस्टच्या रविवारच्या कार्यक्रमाकडे जेरल्ड वायली नावाच्या नवख्या लेखकाची प्रहसनं येऊ लागली. ती बार्करच्याच एजंटमार्फत यायची. सगळ्यांना आवडायची, कार्यक्रमात घेतली जायची. हा वायली कोण? कुणी म्हणे नाटककार टॉम स्टॉपर्ड, कुणी म्हणे विनोदी लेखक फ्रँक म्यूर. कॉर्बेटला एका प्रहसनाचे हक्क हवे होते, तर वायलीच्या वतीनं तीन हजार पौंडांची मागणी आली आणि मग ते त्याला फुकटच मिळालं. शेवटी वायलीनं सगळ्यांना एका चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं आणि तिथे बार्कर उठून म्हणाला की तो मीच. आधी कुणाचा विश्वास बसेना.

ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. तू ती कामाची पद्धत म्हणून वाच. बार्कर तेव्हा कार्यक्रमातला मोठा नट होता. त्याच्या नावानं कागद आला असता तर तोंडावर कुणी वाईट म्हटलं नसतं, आणि पाठीमागे कुणी खरं चांगलंही म्हटलं नसतं. नाव झाकलं तेव्हा कागद एकटा उभा राहिला. संशय येऊ नये म्हणून वायलीचं काही लिखाण त्यानं स्वतःच नापसंतही केलं. हे जमायला छाती लागते.

तुझ्या गटात हे असं कर. प्रहसन टाइप करून घे, सगळ्यांचं येतं त्याच मापात, त्याच टंकात. दुसऱ्या कुणाला तरी ते गटाकडे पाठवायला सांग, आणि त्यालाही लेखकाचं नाव माहीत नसेल असा माणूस निवड. तो मिश्कील हसत कागद देणार असेल तर सगळा खेळ तिथेच संपतो. वाचनाला हजर राहा, पण तू ज्या भूमिकेसाठी लिहिलंस ती वाचू नकोस. इथेच बहुतेकांचं फसतं. आपण वाचलं की कुठला शब्द दाबायचा, कुठे थांबायचं, हे आपल्याला आधीच माहीत असतं. कागदातलं भोक आवाजानं बुजतं आणि आपल्याला ते दिसतच नाही. तू कोपऱ्यात बस, पेन्सिल घे आणि समासात तीनच खुणा कर: जिथे मोकळा हशा आला तिथे बरोबरची खूण, जिथे नुसता श्वास सुटला तिथे आडवी रेघ, आणि जिथे वाचणारा अडखळून मागे गेला तिथे गोल. घरी आल्यावर आधी गोल दुरुस्त कर. रेघांकडे नंतर वळ, कारण बऱ्याचदा रेघ पडते ती आधीच्या गोलामुळेच. ऐकणारा अजून मागच्याच वाक्यात असतो.

आता एक प्रहसन उघडून बघू. ‘द टू रॉनीज’ हा बार्कर आणि कॉर्बेट या दोन रॉनींचा कार्यक्रम १९७१ ते १९८७ बीबीसीवर चालला आणि त्यातलं बरंचसं लिखाण वायली या नावानं बार्करचंच होतं. ४ सप्टेंबर १९७६ला त्यात हार्डवेअरच्या दुकानाचं प्रहसन झालं. गल्ल्यामागे बुटका कॉर्बेट, समोर गिऱ्हाईक बार्कर, हातात यादी. गिऱ्हाईक मागतो ‘फोर कँडल्स’. दुकानदार चार मेणबत्त्या काढून ठेवतो. नाही, त्याला हवे होते ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागेतल्या दाताळ्याचे दांडे. गिऱ्हाईक कष्टकरी वर्गातला, त्याच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळतो. मोठ्यानं म्हणून बघ: फोर्क-अँडल्स, फोर-कँडल्स. कानाला तसूभर फरक नाही. आणि कागदावर? देवनागरीत लिही नाहीतर रोमनमध्ये, दोन्ही शब्द साफ वेगळे दिसतात. ही कोटी फक्त तोंडात जिवंत होते.

पण एका कोटीवर पाच मिनिटं निघत नाहीत. तुझं पहिलं प्रहसन नेमकं इथेच थकतं, कारण तू तीच युक्ती सात वेळा वापरली आहेस. बार्कर काय करतो बघ. दुसरी वस्तू ‘प्लग’. इथे उच्चाराचा घोळच नाही. गिऱ्हाईक सांगतो रबरी, बाथरूममधला. दुकानदार मोरीचे बूच काढतो, कितीचा म्हणून विचारतो, तर उत्तर येतं तेरा अँपिअर. म्हणजे विजेचा. युक्ती बदलली. मग ‘सॉ टिप्स’, म्हणजे करवतीवर घालायची टोपणं, हे झटकन होऊन जातं, श्वास घ्यायला जागा. मग ‘ओज’. ‘ह’ गाळणारा माणूस आहे हे दुकानदार आता शिकलाय, म्हणून तो आधी कुदळीसारखं अवजार आणतो, मग पाण्याची नळी, मग बायकांचे लांब पायमोजे. तिन्हीच्या इंग्रजी नावात (हो, होज, पँटीहोज) तोच आवाज. आणि हवं काय असतं? फाटकावर घराचं नाव लावायला ‘ओ’ हे अक्षर. दुकानदार वर चढून अक्षरांचा खोका काढतो, दोन ‘ओ’ देतो, खोका परत ठेवून येतो. लगेच गिऱ्हाईक मागतो ‘पीज’. आता ‘पी’ ही अक्षरं हवीत असं समजून तो वैतागतो, मी वर होतो तेव्हाच का नाही सांगितलंस, असं म्हणत पुन्हा चढून खोका आणतो. हवे असतात मटारचे डबे.

या जागेवर थांब आणि दोनदा वाच. इथला हशा कोटीला नाही. दुकानदारानं मागच्या चुकीतून धडा घेतला, आणि नेमका तोच धडा त्याला खड्ड्यात घालतो. आधीची प्रत्येक वस्तू या पायरीसाठी रचलेली आहे. ‘ओज’ मागितले नसते तर ‘पीज’ला काही अर्थ नव्हता. म्हणून वस्तूंचा क्रम हीच खरी संहिता. तुझ्या प्रहसनातली कुठलीही दोन वाक्यं उलटसुलट करून बघ. काही बिघडलं नाही, तर तिथे तू अजून लिहिलेलंच नाहीस, नुसती यादी केली आहेस.

शरीराचा हिशेबही बघ. अक्षरांचा खोका वर आहे, कारण दुकानदाराला दमवायचं आहे. खोका गल्ल्याखाली ठेवला असता तर ‘पीज’चा राग आलाच नसता. संहितेत वस्तू लिहिताना ती कुठे ठेवली आहे आणि तिथवर जायला किती पावलं लागतात, तेही लिहीत जा. चालण्याच्या वेळात प्रेक्षकांचा हशा उतरतो आणि पुढचं वाक्य ऐकू येतं. तुझी पात्रं जागच्या जागी उभी राहून बोलतात, म्हणून हशावर वाक्य चढतं आणि दोन्ही वाया जातात. साधारण मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धर, हालचाल भरपूर असेल तर ऐंशीच.

आणि गिऱ्हाईकाचा चेहरा. त्याला कुणाची थट्टा करायची नाही. त्याला खरंच दांडे हवेत, मटार हवेत. बार्करच्या डोळ्यांत एकदाही ‘बघा मी कसा बोललो’ असं येत नाही. ते आलं असतं तर दुकानदार मूर्ख ठरला असता आणि आपली सहानुभूती गेली असती.

हे मराठीत कसं आणायचं? ‘ह’ची युक्ती उचलू नकोस, ती त्या भाषेची आणि त्या वर्गाची आहे. आपल्या दुकानात उभा राहा. पाना म्हणजे नट आवळायचं हत्यार, त्याचं अनेकवचन पाने. विड्याचं किंवा वहीचं पान, त्याचंही लिहिताना पाने. कागदावर झकास कोटी! पण बोलताना आपण विड्याची ‘पानं’ म्हणतो आणि हत्यारं ‘पाने’, म्हणजे तोंडात आली की कोटी फुटते. मेणबत्त्यांच्या बरोबर उलट. ती वाचवायची तर माणूस बदलावा लागेल: पुस्तकी मराठी बोलणारे निवृत्त शिक्षक दुकानात येऊन ‘चार पाने द्या’ म्हणाले, की दुकानदार बुचकळ्यात पडणारच. बार्करचं गिऱ्हाईक ‘ह’ गाळतं ते तो तसा माणूस आहे म्हणून. तुझे गुरुजी ‘पाने’ म्हणतील ते ते तसे आहेत म्हणून. माणूस आधी ठरव, कोटी त्याच्या तोंडून आपोआप निघेल. निघाली नाही तर सोडून दे.

शेवट मात्र या प्रहसनाचा कच्चा आहे. दुकानदार कंटाळून यादीच हातात घेतो, शेवटची वस्तू वाचून चिडतो आणि दुसऱ्या माणसाला पुढे करतो. तो एका कोयत्यासारख्या हत्याराचं नाव घेतो, जे इंग्रजीत एका असभ्य शब्दाजवळ जातं. बार्करला स्वतःलाही हा शेवट फारसा पटला नव्हता. सगळं प्रहसन गैरसमजावर चढत गेलं आणि शेवटी आधार घेतला तो चावटपणाचा. तरीही २००६च्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची स्मरणसभा झाली तेव्हा क्रॉसबरोबर नेहमीच्या दोनऐवजी चार मेणबत्त्या नेल्या होत्या. मधली बांधणी इतकी पक्की होती की कच्चा शेवटही लोकांनी पोटात घातला. तुझ्या तिसऱ्या प्रहसनाचा शेवट चांगला आहे, मधलं सैल आहे. मधल्यावर वेळ घाल.

पुढच्या खेपेला मला एकटं तुझं लिखाण पाठवू नकोस. गटातल्या चौघांची मिळून चार प्रहसनं पाठव, कुणाच्याही कागदावर नाव नको, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून येऊ देत. मी चारही मोठ्यानं वाचून समासात खुणा करून परत पाठवतो.

सस्नेह