मिक्सर असेंब्ली लाइनवर 5 स्टेशन आहेत, प्रत्येकी एक माणूस, पण तिसऱ्यावर माल साचतो. माणूस वाढवावा का?

आधी टॅक्ट काढा, म्हणजे मागणी पुरी करायला दर किती वेळाने एक नग तयार व्हायला हवा तो वेळ. 480 मिनिटांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची 50 वजा केली की 430 उरतात. रोज 430 नग हवे असतील तर टॅक्ट 60 सेकंद. एका नगाच्या सगळ्या कामांची बेरीज 255 सेकंद असेल, तर 255 भागिले 60 म्हणजे 4.25, म्हणून किमान 5 स्टेशन. कार्यक्षमता, म्हणजे 5 स्टेशनच्या एकूण 300 सेकंदांपैकी प्रत्यक्ष कामाचा वाटा, 85 टक्के. सहावा माणूस घेतलात तर ती 71 वर येते. म्हणजे माणसं पुरेशी आहेत, वाटणी चुकली आहे.

काम तोडताना 'मोटर बसवणे' असं ढोबळ लिहू नका. मोटर उचलणे, बसवणे, 4 स्क्रू आवळणे हे वेगळं मोजा, प्रत्येकी किमान 10 वेळा. मग कोणतं काम कशाआधी हे कागदावर काढा. वायरिंग तपासल्याशिवाय खालची प्लेट बंद होणार नाही, हे कोणतंही सॉफ्टवेअर स्वतःहून ओळखत नाही.

आता प्रत्येक कामाचं वजन काढा: त्याचा स्वतःचा वेळ अधिक त्याच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या सगळ्या कामांचा वेळ. जास्त वजनाचं काम आधी, बसेल त्या पहिल्या स्टेशनवर, क्रम न मोडता. वीसेक कामांना एक्सेल पुरतं. शेकडो कामं आणि अनेक मॉडेल असतील तरच सॉल्व्हरकडे, म्हणजे सर्वोत्तम वाटणी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळा.

स्टेशन 60 सेकंदांपर्यंत ठासून भरू नका, 54-55 वर थांबा. एक स्क्रू तिरका गेला तरी पाच सेकंद जातात. आणि तिसऱ्यावर स्क्रूचा डबा पाठीमागे नाही ना, हे सगळ्यात आधी बघा!