पोकर खेळणाऱ्यांचे प्रकार कोणते आणि व्यसनाचा धोका सगळ्यात जास्त कोणाला?

प्रकार टॅग (मोजके हात, पण आक्रमक), लॅग (भरपूर हात आणि आक्रमक), निट (फारच मोजके हात, अतिसावध) आणि कॉलिंग स्टेशन (भरपूर हात, पण नुसता कॉल). कोण किती हात खेळतो आणि रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो, की नुसता कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे लावतो, एवढ्यावरून ठरतात. धोका कॉलिंग स्टेशनला, असं सगळे सांगतील. मला पटत नाही. मी टॅग होतो.

२०२१, पुणे, घरून काम, रात्री ऑनलाइन टेबल. दिवाळीत दादा आणि चुलत भावंडं पाच रुपये बूट लावून तीन पत्ती खेळायची. मी शेजारी बसून ऐकवायचो, हा जुगार, माझा तो अभ्यास. सुप्रीम कोर्टाचा १९६८चा निकालही तोंडावर फेकायचो. कौशल्याचा खेळ म्हणणारा तो निकाल रमीबद्दल होता, पोकरबद्दल नव्हे, एवढं मात्र सांगायचो नाही. रोजचा हिशेब एक्सेलमध्ये होता आणि नऊ महिन्यांची बेरीज खरोखर फायद्यात होती.

एका रात्री राजांची जोडी आली. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधीच ऑल-इन, सगळे पैसे आत. समोरच्याकडे सत्तींची जोडी. अशा पाच डावांतले साधारण चार राजांचे, हे मला तोंडपाठ. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, सत्ती पडली. उठून झोपायचं, तर मी चौपट ब्लाइंडच्या (सक्तीच्या सुरुवातीच्या बोलीच्या) टेबलावर गेलो. मी बरोबर खेळलो होतो ना, मग ते पैसे माझेच होते! पहाटे चारपर्यंत गुलाम-तिर्रीसारखी फालतू पानंसुद्धा फोल्ड केली नाहीत, टाकून दिली नाहीत. घराचे दोन हप्ते गेले.

सकाळी एक्सेलमध्ये ती ओळ भरलीच नाही. बेरीज फायद्यातच राहिली.

कॉलिंग स्टेशनला निदान माहीत असतं की आपण मजेचे पैसे मोजतोय. निट रेकमध्ये, म्हणजे प्रत्येक डावातून कापल्या जाणाऱ्या कमिशनमध्ये, हळूहळू झिजतो. उधळ्या लॅग बुडताना घरादाराला दिसतो. टॅगला कोण अडवणार? त्याच्याकडे आकडे असतात.

अर्थात हे माझ्यापुरतं. शैलीवरून व्यसनाचं निदान होत नाही. लपवाछपवी किंवा उसनवारी सुरू झाली असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. आणि हो, २०२५च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन पोकर बंद केलाय. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर मात्र टेबलं आहेतच.

दादाला त्या रात्रीचं अजून सांगितलेलं नाही. तो दिवाळीला फार तर दोनशे हरतो आणि वहिनीने जेवायला हाक मारली की पानं टाकून उठतो. तरीही तीन पत्तीत चार-चार चाली ब्लाइंड, पानं न बघता, खेळणं हा शुद्ध गाढवपणा आहे, यावर मी ठाम आहे.