टबाशेजारची खिडकी आणि शॉवर

प्रश्न : आमच्या बाथरूममध्ये टब आहे, शॉवर नाही. टबाच्या लांब बाजूच्या भिंतीत लाकडी चौकटीची खिडकी आहे आणि तिचा कठडा टबाच्या काठापासून जेमतेम दीड फूट वर येतो. मुलांना शॉवर हवाय. प्लंबर म्हणतो, अर्ध्या दिवसाचं काम. दीर म्हणतात, आधी खिडकी बुजवा. मला उजेड घालवायचा नाही. काय करू? शिवाय काच साधी, आरपार दिसणारी आहे. टबात बसलं की काही वाटत नाही, पण उभं राहायचं म्हटल्यावर कसं?

उत्तर : खिडकी बुजवू नका. आणि प्लंबर खोटं बोलत नाही. त्याचं काम खरंच अर्ध्या दिवसाचं आहे. तो गेल्यानंतर उरतं ते तुमचं काम.

शॉवरचं पाणी काचेतून कुठे जात नाही. ते काचेवरून ओघळतं, कठड्यावर साचतं आणि चौकटीचा खालचा आडवा तुकडा उभ्या तुकड्याला मिळतो त्या कोपऱ्यातून भिंतीत शिरतं. म्हणून आज एक करा. स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि त्या दोन्ही कोपऱ्यांत टोचून बघा. टोक लाकडात रुतलं तर शॉवर नसतानाही तिथे सड लागली आहे. मग चौकट बदलणं आलंच. यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) किंवा अॅल्युमिनियमची घ्या. टोक आत गेलं नाही, तर चौकटीला सगळ्या बाजूंनी चांगला ऑइलपेंट मारून काही वर्षं काढता येतील, पण खिडकीसमोर पडदा लावायच्या अटीवर. त्याकडे येतेच.

खरा पैसा आणि लक्ष घाला ते कठड्यात. टाइलचा कठडा असेल तर काढून टाका, कारण टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइलच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी झिरपतंच. अडवणारा थर टाइलच्या मागे असतो, आणि तुमच्या भिंतीत तो बहुधा नसेल. टबात बसून अंघोळ करणाऱ्यांसाठी तेवढ्या उंचीपर्यंत कोण तो थर देत बसतं? कठड्यावर ग्रॅनाइटची एकसंध पट्टी बसवा. टबाकडे ढाळ हवा, सहा इंच रुंदीला अर्धा इंच. पट्टी भिंतीच्या इंचभर बाहेर काढा आणि बाहेर आलेल्या भागाला खालून एक खाच मारून घ्या, म्हणजे थेंब उलटा भिंतीकडे न सरकता तिथेच सुटून टबात पडेल. गवंडी हमखास सपाट बसवतात, ‘दिसायला बरं’ म्हणून. समोर उभ्या राहा. पट्टीखाली आणि खिडकीच्या चारी बाजूंना वॉटरप्रूफिंगचा थर सलग चौकटीपर्यंत गेला पाहिजे.

आता शॉवर. तो खिडकीच्या भिंतीवर घेऊ नका, तिथे पाइपही नको. नळ ज्या आखूड भिंतीवर आहे, तिथेच वर न्या. टाइल फोडायच्या नसतील तर जुना मिक्सर काढून डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा, बसवा आणि पाइप भिंतीबाहेरून उभा घ्या. दिसायला थोडा जुनाट, पण गळला तर दिसतो. मला तोच आवडतो.

उंची टबाच्या तळापासून मोजा, बाथरूमच्या फरशीपासून नाही. टबाचा तळ फरशीहून काही इंच वर असतो आणि ही चूक झाली की घरातला सगळ्यात उंच माणूस मान वाकवून अंघोळ करतो. दोन मीटर ते सात फूट यांच्यामध्ये कुठेही चालेल.

काहीही विकत आणण्याआधी दाब बघा. नळाला पाइप जोडा, त्याचं टोक शॉवरच्या उंचीला धरा आणि दहा लिटरची बादली भरा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शॉवर नुसता ठिबकेल. आधी पंपाचं बघा.

पडदे दोन लागतील. एक बाहेरच्या बाजूला, एक खिडकीसमोर, आणि दोघांचीही खालची कड टबाच्या आत. टबाभोवती पूर्ण वळसा घेणारा एकच दांडा मिळतो, तो उत्तम. अंघोळ झाली की खिडकीकडचा पडदा पसरून ठेवा. गोळा करून ठेवलात तर आठवड्यात बुरशी. पडदा आत ओढला जाऊन पायाला चिकटतो ना? तो का ओढला जातो हे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर मांडून पाहिलं. फवाऱ्यामुळे हवेचा आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्यावर दाब कमी पडतो. या कामाला २००१ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. तुम्हाला भोवरा नकोय, कडेला वजन असलेला पडदा हवाय.

टब आणि भिंत यांच्यामधल्या फटीला सिलिकॉन भराल तेव्हा टब पाण्याने काठोकाठ भरून मग भरा, आणि सिलिकॉन सुकेपर्यंत, म्हणजे दिवसभर, पाणी तसंच ठेवा. दीडशे-दोनशे लिटर पाण्याने टब किंचित खाली बसतो. मी माझ्या स्वतःच्या घरात रिकाम्या टबाला सिलिकॉन मारलं होतं. महिन्याभरात तडा, आणि खालच्या छताला पोपडे. इतरांची कामं करून घेऊन झालेला माझा गर्व त्या पोपड्यांबरोबर गळून पडला.

टबाचा तळ गुळगुळीत असेल तर घसरू नये अशा पट्ट्या चिकटवा. खिडकीला हात पोचतो, म्हणजे तोल गेल्यावर माणूस काचेवरच आपटेल. म्हणून टफन्ड काच घ्या; फुटली तरी तिचे बारीक दाणे होतात, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. ही काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तेव्हा माप दोनदा घ्या.

आणि आरपार दिसण्याचं. दुधी काच घ्यालच, पण तिची खरखरीत बाजू बाहेर ठेवा. आतून बसवलीत तर ओली झाल्याबरोबर ती पारदर्शक होते, नेमकी तुम्ही अंघोळ करत असताना. रात्रीचं वेगळं : दिवा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असेल तर तुमची सावली काचेवर उमटते. तो खिडकीच्याच भिंतीवर, वरच्या बाजूला, पाण्यात चालेल असा झाकणबंद घ्या.